काकांचं वर्कशॉप आणि ‘एआय’चा फंडा

एआय म्हटलं की आपल्याला हिंजवडीतली काचेची ऑफिसं आठवतात. मला मात्र ते परवा भेटलं भोसरी एमआयडीसीत, मैत्रिणीच्या बाबांच्या वर्कशॉपमध्ये. दहा माणसं, दोन सीएनसी मशिन्स आणि टू-व्हीलरच्या ब्रेकला लागणाऱ्या पिना.

काका जाम खूश! कोटेशन पटकन निघावं म्हणून कस्टमरचं ड्रॉइंग फुकटातल्या चॅटबॉटवर टाकायच्या बेतात होते. मैत्रीण ओरडलीच, ‘बाबा, थांबा! ते ड्रॉइंग आपलं नाहीये!’ अशा काही सेवा आपण टाकलेली माहिती पुढच्या ट्रेनिंगसाठी वापरू शकतात. गुप्ततेचा करार मोडला, तर ऑर्डर जाते आणि मार्केटमधलं नावही.

मग तिने वही उघडली. पहिला प्रश्न : सगळ्यात जास्त डोकेदुखी कुठे? उत्तर : तपासणीत. संध्याकाळी डोळे थकले की बारीक तडा नजरेतून सुटतो. म्हणजे कॅमेरा लावायचा, त्याला चांगल्या आणि खराब पिनांचे फोटो दाखवून शिकवायचं. पण सुरुवातीला माणूसही तपासणार. कॅमेऱ्याने चांगली पिन नाकारली तर पैसे जातात. खराब पिन पास केली तर कुणाचा तरी जीव.

तपासणीवाले मामा इतका वेळ गप्प होते. ‘म्हणजे मी आता घरी?’

‘अहो, त्याला शिकवणार कोण? तुम्हीच ना! आणि शेवटचा शब्दही तुमचाच,’ काका म्हणाले. मामा हसले, पण अर्धवटच. तो शब्द पाळणं हीच काकांची खरी परीक्षा.

दोस्तांनो, या वीकेंडला ओळखीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये चक्कर टाकाच. सॉफ्टवेअर नंतर; आधी वही न्या.