लघवी गळण्याचा त्रास: आधी प्रश्न नीट विचारा!

आज थोडा अवघड वाटणारा, पण संशोधनासाठी फार शिकवणारा विषय घेऊया.

प्रश्नावलीच्या माझ्या पहिल्या मसुद्यात एक प्रश्न होता, ‘तुम्हाला मूत्रविकार आहे का?’ सराव म्हणून मावशीला विचारलं. ती म्हणाली, “नाही गं.” थोड्या वेळाने चहा गाळताना तिला शिंक आली. “हल्ली शिंकलं की थोडी लघवी होते बघ. दोन बाळंतपणं झाली, वय झालं, चालायचंच!” माझ्या तक्त्यात मात्र तिच्यापुढे ‘नाही’ लिहिलेलं होतं. म्हणजे चूक मावशीची नव्हती, माझ्या प्रश्नाची होती.

व्याख्या सोपी आहे: इच्छेविरुद्ध लघवी गळणे. प्रमाण कितीही असो. याचे दोन मुख्य प्रकार. खोकताना, हसताना, वजन उचलताना गळते ती ‘स्ट्रेस’ प्रकारची. इथे ‘स्ट्रेस’ म्हणजे मनाचा ताण नाही, पोटातला दाब! तो वाढतो आणि मूत्रमार्गाचा आधार कमी पडतो. दुसरा ‘अर्ज’ प्रकार: अचानक जोराची कळ येते आणि बाथरूम गाठेपर्यंत लघवी होते. काहींना दोन्ही असतात.

निदान कसं करतात? आधी लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही ना, ते बघतात. मग किमान तीन दिवसांची डायरी: किती प्यायलं, किती वेळा आणि किती मिली लघवी झाली, कधी गळली. पॅड टेस्टमध्ये पॅडचं वजन आधी आणि नंतर करतात. गरज पडली तरच युरोडायनॅमिक्स. त्यात मूत्राशयातला आणि पोटातला दाब एकाच वेळी मोजून पहिल्यातून दुसरा वजा करतात. उरतो तो मूत्राशयाच्या स्नायूचा स्वतःचा दाब. एका वजाबाकीने कारण वेगळं काढता येतं, आहे ना मजा?

उपचार प्रकारावर ठरतात. स्ट्रेस प्रकारात ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, निदान तीन महिने. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये ते मांडले, आणि विशेष म्हणजे स्नायूंची ताकद मोजणारं उपकरणही सोबत दिलं. फरक पडला नाही तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. अर्ज प्रकारात लघवीच्या वेळेतलं अंतर हळूहळू वाढवायची सवय, मग सॉलिफेनॅसिन किंवा मिराबेग्रॉनसारखी औषधं. तरीही जमलं नाही तर मूत्राशयात बोटॉक्सची इंजेक्शनं.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं. अशा औषधांच्या चाचण्यांमध्ये प्लासिबो गटातल्या लोकांनाही बऱ्यापैकी फरक जाणवतो. एक कारण असं की डायरी लिहिता लिहिता माणूस आपल्या सवयी बदलतो. मोजणंच थोडा उपचार होऊन बसतं! म्हणून तुलनेचा गट नसेल तर ‘आधी आणि नंतर’च्या आकड्यांवर भाळू नका.

माझा प्रश्न आता असा आहे: ‘खोकताना, शिंकताना किंवा घाईची लागल्यावर कपडे कधी ओले होतात का?’ मावशीने लगेच ‘हो’ म्हटलं. पुढच्याच आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. आता ती रोज व्यायाम करते.

तुमच्या प्रश्नावलीतला सगळ्यात ‘शास्त्रीय’ शब्द शोधा आणि घरातल्या एखाद्या माणसाला त्याचा अर्थ विचारा. उत्तर ऐकून मसुदा बदलावा लागेल, बघा!