पवनार: विनोबांच्या आश्रमाखाली वाकाटकांची राजधानी?

वर्ध्याहून नागपूरकडे निघालात की धाम नदीकाठी पवनार लागतं. बहुतेकांना हे गाव विनोबांमुळे माहीत आहे. १९३८ मध्ये ते इथं राहायला आले. आश्रमाची जमीन खोदताना जुनी शिल्पं निघू लागली, त्यात राम-भरत भेटीचंही एक होतं.

इतिहासकार वा. वि. मिराशींनी यावरून तर्क मांडला: पाचव्या शतकातला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार आणि ही शिल्पं त्याच्या काळातल्या राममंदिराची. नागपूर विद्यापीठानं १९६७ मध्ये इथं उत्खननही केलं.

मग रामटेकजवळच्या मनसरला 'प्रवरेश्वर' नावाचे ठसे सापडले आणि काही अभ्यासकांनी राजधानी थेट तिकडे हलवली! वाद अजून मिटलेला नाही. शिल्पं मात्र आश्रमात गेलात की बघता येतात.