चार इंच मागे

वर्ध्याहून आर्वीकडे जाताना समृद्धी महामार्गावर चढायची जागा येळाकेळीपाशी लागते. मुंबई ते नागपूर 701 किलोमीटर, रुंद आणि सरळ. पाय पुढे सोडून, पाठ सैल टाकून चालवायच्या क्रूझर मोटारसायकलीला असाच रस्ता हवा. आणि नेमकी इथेच दुचाकीला बंदी आहे. मग क्रूझरवाले खालच्या रस्त्याने आंजी (मोठी)ला येतात. त्यातले काही तिथल्या एका मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडपुढे गाडी लावतात. बहुतेकांची मागणी ठरलेली: फूटरेस्ट अजून पुढे घ्या, सिनेमातल्यासारखे. त्या दिवशी उभ्या असलेल्या अ‍ॅव्हेंजरच्या मालकाला मात्र उलटं हवं होतं.

“पाय समोर घेऊन दे म्हणनारे रोजचेच हायेत जी,” मिस्त्री सांगतो. “हा मांगं घे म्हनते. चार इंच.”

मालक सोयाबीन-तुरीचा शेतकरी, उंची पाच फूट दोन इंच. जुनी अ‍ॅव्हेंजर 220 त्याने घेतली ती सीटसाठी. या गाडीचं सीट जमिनीपासून 737 मिलिमीटरवर, म्हणजे बुटक्या माणसाचेही दोन्ही तळवे जमिनीला टेकतात. शोरूममध्ये गाडीवर बसून बघणाऱ्याला एवढं पुरतं. पण फूटरेस्ट आणि पॅडल आहेत पुढे, लांब तंगड्यांच्या हिशोबाने. ब्रेक दाबायचा तर हा गडी सीटवरून टाकीकडे सरकणार, गुडघा पूर्ण ताणणार आणि चवड्याच्या टोकाने पॅडल चेपणार. बुटक्याला बोलावणारी गाडी त्याच्याच पायाला पुरत नाही, ही या गाडीची खरी गंमत.

अ‍ॅव्हेंजरचं कूळ तसं वर्ध्याच्या जवळचं. बजाज ऑटो 1945 मध्ये नोंदली गेली ती बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने, आणि बछराज म्हणजे जमनालाल बजाजांचे वर्ध्याचे दत्तक आजोबा. गाडीची बैठक मात्र परदेशी. कावासाकीशी हात मिळवून बजाजने 2001 मध्ये एलिमिनेटर आणली, 2005 मध्ये तिच्यातून अ‍ॅव्हेंजर निघाली. त्याही मागे अमेरिका आहे. तिथल्या हौशी लोकांनी गाड्या कापून-लांबवून पाय पुढे नेले, आणि 1980 च्या वाइड ग्लाइडवर हार्ले-डेव्हिडसनने तीच बैठक कारखान्यातून दिली. मैलोन्‌मैल सरळ रस्ता आणि उंच माणूस असेल तर ती सुखाची आहे यात शंका नाही. पण पाय पुढे गेले की अंगाचा सगळा भार माकडहाडावर येतो. खड्डा दिसला तरी फूटरेस्टवर जोर देऊन उठता येत नाही. धुऱ्याकडे जाणाऱ्या पांदणीत, मागे खताचं पोतं बांधलेलं असताना, ही बैठक म्हणजे शिक्षाच.

काम सुरू होतं. फूटरेस्ट सुटतात, जाड पट्ट्या कापून त्यांना भोकं पडतात. ग्राइंडरखालच्या लोखंडाचा करपट वास शेडभर होतो. बोल्ट घेताना मिस्त्री प्रत्येकाचं डोकं उजेडात धरून 8.8 हा आकडा आहे का ते पाहतो. नसेल तर बोल्ट परत डब्यात.

गिअरची बाजू त्याच्या मते सोपी. लिव्हर आणि गिअरबॉक्समधला रॉड तेवढा आखूड करायचा. पण रॉड आणि शाफ्टवरची कांडी यांचा कोन काटकोनाच्या आसपास राहिला पाहिजे, नाहीतर गिअर अडकत पडतो. कांडी उलटी बसली तर गिअरही उलटे पडायला लागतात. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला होता आणि ब्रेक डाव्या. तिच्यावरून नव्या गाडीवर आलेले कितीतरी जण ऐनवेळी ब्रेक समजून गिअर दाबायचे, ही आठवण तो इथे हमखास काढतो. पाय सवयीने चालतो, डोक्याने नाही, असं त्याचं म्हणणं.

ब्रेकपाशी आल्यावर त्याचा आवाज बदलतो.

कुठेतरी दुसरीकडे या गाडीचं पॅडल कापून, वेल्डिंग मारून जवळ आणून द्यायची तयारी एकाने दाखवली होती. तेही चार इंच. मिस्त्री खडूने फरशीवर रेघ ओढतो. समजा, पॅडल पिनपासून पायापर्यंत आठ इंच आहे. त्यातले चार कापले की उरले चार. तोच पाय, तेवढाच जोर, पण मागच्या चाकापर्यंत पोचणारी ताकद निम्मी. “पाय जवळ आला, ब्रेक गेला,” तो म्हणतो. म्हणून पॅडलला हात लावायचा नाही; ते ज्या पिनवर फिरतं ती पिनच पट्टीसकट चार इंच मागे न्यायची, आणि रॉड तेवढा कमी करायचा. उजव्या बाजूला सायलेन्सर आडवा येतो, म्हणून याच कामात वेळ जातो. ब्रेकच्या भागाला वेल्डिंग तो करत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी.

पिन सरकली की ब्रेकलाइटचं स्विचही सरकवावं लागतं, कारण त्याची स्प्रिंग पॅडलच ओढतं. हे विसरलं तर गाडी थांबते, पण मागच्या ट्रकला ते कळत नाही.

मग तो मालकाला गाडीवर बसवतो. “डोये मीट. आता ब्रेक दाब.” पाय पॅडलच्या बाहेर पडतो. पट्टी सुटते, थोडी सरकते, पुन्हा कसली जाते. “मीट डोये.” पुन्हा तेच. पाय न शोधता पॅडलवर पडेपर्यंत हे चालतं. इतका धीर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मिळणं कठीण आहे, कारण तिथे माणूस नाही, गाडीच मोजतात.

कायद्याची बाजू याहून अवघड. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसी बुकावर फूटरेस्टची नोंद नसते. तरी मिस्त्री कंपनीचे मूळ भाग पिशवीत घालून मालकाच्या हाती देतो आणि जपून ठेवायला सांगतो. बदल करण्याआधी एमएच-32 च्या, म्हणजे वर्ध्याच्या आरटीओ कार्यालयात विचारून घेणं अधिक शहाणपणाचं.

आणि ज्यांना पाय मागे घ्यायचेच आहेत त्यांनी कोणत्याही मिस्त्रीला आधी एवढंच विचारावं: पॅडल कापणार, की पिन सरकवणार? कापतो म्हणाला तर गाडी आहे तशी घरी न्यावी.