मन ‘मागे फिर’ म्हणतं तेव्हा

आभाळ भरून आलं की घरातलं एखादं जुनं माणूस अंगणात उभं राहून वाऱ्याचा अंदाज घेतं आणि सांगतं, “आज खळं उघडं ठेवू नका.” कारण विचारलं, तर “मन सांगतंय” एवढंच उत्तर मिळतं. पुष्कळदा ते खरंही ठरतं. असं मनाचं ऐकावं कधी, हे समजायला हिमालयातली एक हकीकत फार उपयोगी आहे.

ही हकीकत आहे तेनसिंग नोर्गे यांची. लहानपणी ते याक राखत. लिहिता-वाचता येत नव्हतं. १९३५ साली ओझी वाहणारे हमाल म्हणून ते प्रथम एव्हरेस्टच्या मोहिमेवर गेले. पुढे पुन्हा पुन्हा जात राहिले. बर्फाचा रंग, वाऱ्याचा आवाज, पायाखालचा कडकपणा हे सारं त्यांच्या अंगवळणी पडलं.

मे १९५२ मध्ये स्विस मोहिमेतले रेमंड लॅम्बर्ट आणि तेनसिंग सुमारे ८,४०० मीटर उंचीवर पोचले. एकाची भाषा दुसऱ्याला धड येत नव्हती. रात्री तंबू होता, पण पांघरायला झोपण्याच्या पिशव्या नव्हत्या आणि स्टोव्हही नव्हता. मेणबत्तीच्या ज्योतीवर बर्फ वितळवून त्यांनी घसा ओला केला. एकमेकांचं अंग चोळत रात्र काढली. सकाळी पुन्हा चढू लागले. प्राणवायूची उपकरणं चालताना नीट काम देईनात. सुमारे ८,६०० मीटरवर दोघे थांबले. शिखर अवघं अडीचशे मीटर वर होतं! पण वर कदाचित पोचू, खाली जिवंत येणार नाही, हे दोघांनी ओळखलं. ते मागे फिरले.

पुढच्याच वर्षी तेनसिंग ब्रिटिश मोहिमेत गेले. सोबती होते न्यूझीलंडचे मधमाश्या पाळणारे एडमंड हिलरी. एकदा बर्फाच्या भेगेवरून उडी मारताना कड तुटली आणि हिलरी आत कोसळले. तेनसिंगनी क्षणात कुऱ्हाड बर्फात रोवली, दोर आवळला आणि सोबत्याला वाचवलं. विचार करायला तिथं वेळच नव्हता. हात आपोआप चालले. २९ मे १९५३ रोजी दोघे शिखरावर उभे राहिले. तेनसिंगच्या गळ्यात लॅम्बर्टनी दिलेला लाल रुमाल होता. आदल्या वर्षी हट्ट केला असता, तर हा दिवस उगवलाच नसता.

यातून तुम्ही काय घ्यावं? मनाचा कौल आकाशातून पडत नाही. वर्षानुवर्षं डोळ्यांनी पाहिलेलं आणि हातांनी केलेलं आत साठतं, तेच वेळेला बोलतं. म्हणून आपल्या शिवारात तुमचं मन भरवशाचं असतं. परक्या डोंगरात किंवा अनोळखी घाटात मात्र तिथल्या गुराख्याला विचारावं.

दुसरं, मनाचा आवाज आणि लोकलाज यांत गल्लत करू नका. पावसाळ्यात ओढ्याला पूर येतो, पुलावरून पाणी वाहतं. मन म्हणतं, “थांब.” पण “घरी वाट पाहत असतील”, “बरोबरचे हसतील” असं वाटून माणूस पाऊल टाकतो आणि घात होतो. गुडघाभर पाणीही जोरात असलं, तर धडधाकट माणसाला पाडतं. गाडी तर मुळीच घालू नका. पाणी उतरेपर्यंत अलीकडे थांबण्यात कसला कमीपणा?

मुलांनाही ही सवय लावा. कोरड्या दिवसांत जाणत्या माणसाबरोबर त्यांना जवळच्या टेकडीवर किंवा गडावर न्या. परतायची वेळ निघतानाच ठरवा. वाट त्यांना शोधू द्या, ढग कुठून येताहेत ते विचारा. चुकली तर लगेच रागावू नका. आणि एखादं पोर वाटेत म्हणालं, “दादा, इथून नको, मला बरं वाटत नाही,” तर त्याला भित्रा म्हणू नका. त्यानं काय पाहिलं, ते आधी विचारा.