पर्यावरणाचा ताळेबंद मांडणारा व्यवसाय

नव्या धंद्यात भांडवल घालण्यापूर्वी जाणता व्यापारी नफ्याबरोबरच जोखमीचाही अंदाज घेतो. तोच विवेक नदी, रान, शेती आणि वस्ती यांच्या बाबतीत वापरण्याचे शास्त्र म्हणजे पर्यावरण आघात मूल्यांकन. वाणिज्य आणि अभियांत्रिकी यांपलीकडे वाट शोधणाऱ्या मुलामुलींसाठी हे क्षेत्र विचार करण्याजोगे आहे.

अमेरिकेत १ जानेवारी १९७० रोजी अशा मूल्यांकनाचा कायदा अमलात आला. भारतात १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९९४ मध्ये ते निवडक प्रकल्पांना बंधनकारक झाले. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने आजची चौकट घातली. खाणी, धरणे, रसायन उद्योग, बंदरे, महामार्ग, तसेच वीस हजार चौरस मीटर वा त्याहून मोठी बांधकामे यांना पूर्वमंजुरी लागते. मोठ्या प्रकल्पांची छाननी केंद्राची तज्ज्ञ समिती करते, तर अन्य बऱ्याच प्रकल्पांची राज्य पातळीवर होते.

कामाचे स्वरूप

मूल्यांकन हे एकट्याचे काम नव्हे. हवा, पाणी, ध्वनी, भूजल, भूशास्त्र, जैवविविधता आणि समाजजीवन यांचे जाणकार एकत्र येतात. पावसाळा वगळून किमान एका ऋतूच्या नोंदी घेतल्या जातात. विहिरींची पातळी मोजावी लागते, पक्षी आणि वनस्पती टिपाव्या लागतात, गावकऱ्यांशी बोलावे लागते. मसुदा तयार झाल्यावर प्रदूषण नियंत्रण मंडळ किमान तीस दिवसांची सूचना देऊन जनसुनावणी घेते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. म्हणूनच मराठीत नेमके लिहिता-बोलता येणे हे येथे भांडवलच ठरते.

पर्यावरणशास्त्र, भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र, स्थापत्य किंवा रसायन अभियांत्रिकी, समाजशास्त्र यांपैकी कोणत्याही वाटेने येथे प्रवेश होतो. सल्लागार संस्थेला भारतीय गुणवत्ता परिषदेच्या ‘नॅबेट’ मंडळाची मान्यता आवश्यक असते, आणि त्या मान्यतेत प्रत्येक तज्ज्ञाचे शिक्षण व अनुभव तपासले जातात. नागपूरची ‘नीरी’ ही १९५८ पासूनची संस्था या विषयातील संशोधनाचे मोठे केंद्र आहे. कायद्याची आवड असणाऱ्यास धोरणनिर्मिती आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणासमोरील वकिली ही क्षेत्रे आहेत. न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच आहे.

खरी कसोटी

अहवालाचे शुल्क प्रकल्प उभारणाराच देतो, आणि त्याच प्रकल्पाचे दोष तज्ज्ञाने निर्भीडपणे लिहावेत अशी अपेक्षा असते. या विसंगतीतून गैरप्रकार जन्मतात. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातील खाणीच्या अहवालाचे उतारे आढळल्याचे प्रकरण गाजले होते. खोटी वा दिशाभूल करणारी माहिती दिल्यास अर्ज फेटाळला जाऊ शकतो आणि मिळालेली मंजुरीही रद्द होऊ शकते. तेव्हा बुडते ते उद्योजकाचे भांडवल, आणि आटते ती गावाची विहीर.

व्यापारी कुटुंबे या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना असतात. घरातील एकजण कारखाना किंवा गृहसंकुल उभारतो, आणि उद्या त्याच घरातील मुलगी मूल्यांकनतज्ज्ञ होऊ शकते. तिने ‘ही जागा योग्य नाही’ असे लिहिले, तर वडीलधाऱ्यांनी ते ऐकण्याची तयारी ठेवावी. खोटी चोपडी लिहिणारा मुनीम कोणत्याही पेढीला परवडत नाही. निसर्गाच्या हिशेबालाही हाच नियम लागू आहे.