भाड्याची भिंत आणि संग्रहालयाचे बोलावणे

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले, तेव्हा स्तूपाच्या कठड्याचे दगड हाती आले. त्यांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. कोरणारे हात निनावीच राहिले. नव्या कलावंताला दाता आणि पाहणारा दोन्ही लागतात, ही गरज तेव्हाची तशीच आजही आहे.

मुंबईत १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांनी ती बरीच भागवली. नागपूरच्या कलाशाळेत शिकलेल्या सय्यद हैदर रझांना १९४८ मध्ये तिचे सुवर्णपदक मिळाले. पुढे होमी भाभा आणि के. के. हेब्बर यांच्या आग्रहावरून सर कावसजी जहांगीर यांनी देणगी दिली आणि १९५२ मध्ये जहांगीर कलादालन उभे राहिले, तेही प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या आवारात. पण दालन आणि संग्रहालय यांची रीत वेगळी. दालनात चित्रकार अर्ज करतो, निवड झाली तर काही वर्षे पाळीची वाट पाहतो आणि भाडे भरून आठवडाभर भिंत मिळवतो. पवनीच्या मुलाला त्यावर फ्रेम, गाडीभाडे आणि मुंबईतला मुक्काम. (पावसाळ्यातील नवोदितांचे प्रदर्शन हा त्यातला सुखद अपवाद.)

संग्रहालय बोलावते, हा मुख्य फरक. राणीच्या बागेतील भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडले आणि जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये पुन्हा सुरू झाले. तेथे समकालीन कलावंतांना जुन्या संग्रहाशी संवाद साधणारे काम करायला सांगण्यात आले: २०१० मध्ये सुदर्शन शेट्टी, २०११ मध्ये जितीश कल्लाट. जुन्या कपाटांशेजारी नवे काम उभे राहते, त्यावर अभ्यासक लिहितात आणि मुलाबाळांना घेऊन सहज आलेली कुटुंबे ते पाहतात. विक्रीची घाई नसते.

एक मात्र स्पष्ट म्हणावेसे वाटते. हे दोघेही जे.जे.चे विद्यार्थी आणि तोवर नावारूपाला आलेले होते. ज्याचे नाव अजून कुणी ऐकले नाही त्याला आधी कामाचा खर्च, मग जागा, मग कुणीतरी लिहिलेली दोन पाने हवी असतात, आणि ती याच क्रमाने.

नागपूरचा अजब बंगला १८६३ पासूनचा. विदर्भातील एखाद्या नवख्या शिल्पकाराला त्याची एक खोली आणि दगडाचा खर्च द्यावा; पवनीच्या कठड्यासमोर त्याने काय घडवले, ते पाहायला आम्ही बसने येऊ.