जुन्नरवरून गेलेल्या सरदारांनी समुद्रात राज्य थाटलं, जंजिऱ्याचे सिद्दी तीनशे वर्षं टिकले ते असे

आमच्या बोरी बुद्रुकचा आणि समुद्राचा तसा काडीचा संबंध नाही. गाव जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या काठावर. इथं पाणी म्हणजे नदी, विहीर आणि कॅनॉलचं आवर्तन. नाही म्हणायला सुमात्रा बेटावरचा टोबा ज्वालामुखी हजारो वर्षांपूर्वी फुटला, त्याची राख इथं कुकडीच्या काठावर सापडली आणि जगभरचे संशोधक बोरीचं नाव घ्यायला लागले. समुद्रापलीकडच्या बेटावरून आमच्याकडं काय आलं, तर राख.

पण आमच्याकडून समुद्राकडं काय गेलं, हे विचारलं तर उत्तर मोठं आहे. एक अख्खं राज्य गेलं.

सध्या रील्सवर बेटांच्या राज्यांचं फॅड आहे. सायप्रस, माल्टा, ऱ्होड्स. निळा समुद्र, तटबंदी, चिलखतातले सरदार. बघायला भारीच वाटतं. पण अगदी असंच राज्य आपल्या रायगड जिल्ह्यात होतं, ते १९४८ पर्यंत चालू होतं आणि त्याची सुरुवात जुन्नरमधून झाली. ते म्हणजे मुरूडचा जंजिरा.

आता जंजिरा म्हटलं की कमेंटमध्ये दोनच गोष्टी येतात. एक, ‘कुणालाच जिंकता न आलेला अजिंक्य किल्ला’. दोन, ‘परक्यांचं राज्य’. पहिली गोष्ट अर्धी खरी आहे. दुसरी वाटते तितकी सोपी नाही. त्यासाठी सुरुवात जुन्नरपासून करावी लागते.

जुन्नर हे काही आडबाजूचं गाव नव्हतं. नाणेघाटातून उतरलं की कोकण, कल्याण आणि तिथून समुद्र. व्यापाराचा हा रस्ता सातवाहनांच्या काळापासून वाहता होता. जुन्नरच्या लेण्यांमध्ये यवनांनी, म्हणजे भूमध्य समुद्राकडच्या ग्रीक वगैरे लोकांनी, दिलेल्या दानाचे शिलालेख आहेत. त्यामुळं ज्याच्या हातात जुन्नर, त्याचं लक्ष घाटाखालच्या बंदरांवर असणारच.

पंधराव्या शतकाच्या शेवटी जुन्नर होतं मलिक अहमदच्या हातात. तो बहमनी सुलतानाचा सुभेदार. बहमनी राज्य खिळखिळं झालं, तसा १४९० मध्ये त्यानं स्वतःचं राज्य जाहीर केलं. हीच निजामशाही. अहमदनगर शहर त्यानं नंतर वसवलं, पहिली गादी जुन्नरची. या मलिक अहमदनं कोकणात उतरून दंडा-राजपुरीला वेढा घातला आणि ती घेतली. दंडा-राजपुरी म्हणजे आजच्या मुरूडच्या बाजूची खाडी आणि तिच्यावरचं बंदर. खाडीच्या तोंडाशी समुद्रात एक खडक होता. तोच पुढं जंजिरा झाला.

त्या खडकावर तेव्हा कोळ्यांचा मेढेकोट होता. मेढेकोट म्हणजे मोठमोठे लाकडी ओंडके उभे रोवून केलेली तटबंदी. समुद्री चाच्यांपासून वाचायला कोळ्यांनी तो उभा केला होता आणि त्यांचा प्रमुख होता राम पाटील. हा पाटील पुढं निजामशाही अधिकाऱ्यांनाही जुमानेना. मग पिरमखान नावाचा सरदार व्यापारी बनून आला, जहाजात दारूचे पिंप आहेत असं सांगून त्यानं कोटात आसरा मागितला, रात्री कोळ्यांना भरपूर पाजली आणि पेट्यांत लपवलेली माणसं बाहेर काढून मेढेकोट घेतला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट ट्रॉयच्या घोड्यासारखी जरा जास्तच जमून आलेली आहे, त्यामुळं तिचा तपशील सोडून देऊ. मुद्दा एवढाच की बेटाचे पहिले मालक कोळी होते. रील्समध्ये ते कुठंच नसतात.

मग १५६७ ते १५७१ या काळात निजामशाहीचा सरदार बुऱ्हाणखान यानं लाकडी कोटाच्या जागी दगडी किल्ला बांधला. नाव ठेवलं जंजिरे मेहरूब. जंजिरा हा शब्द अरबी ‘जझीरा’वरून आला, अर्थ बेट. अल जझीरा चॅनेलच्या नावातला जझीरा तोच. म्हणून तर जुन्या कागदांत ‘जंजिरे कुलाबा’, ‘जंजिरे अर्नाळा’ असंही सापडतं.

ही १५६७ ते १५७१ सालं लक्षात ठेवा, त्यांच्याकडं परत यायचंय.

आता सिद्दी. सिद्दी किंवा हबशी म्हणजे आफ्रिकेतून, त्यातही इथिओपियाच्या बाजूनं आलेले लोक. बरेचसे गुलाम म्हणून विकले गेलेले. पण इथं गुलाम या शब्दानं गडबड होते. दख्खनच्या सुलतानांना असे लढवय्ये हवे होते ज्यांचे इथं भाऊबंद नाहीत, जहागिरी नाहीत, म्हणजे ते धन्याशी बांधलेले राहतील. शिकवून तयार केलेले हे गुलाम सैनिक मोकळे व्हायचे, सरदार व्हायचे, कधी कधी धन्यालाच गादीवर बसवायचे. इजिप्तमध्ये मामलुकांनी तर याच वाटेनं थेट सुलतानपद घेतलं.

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण मलिक अंबर. इथिओपियात जन्मला, अनेकदा विकला गेला, शेवटी निजामशाहीच्या पेशव्यानं त्याला विकत घेतलं. तो पेशवा चंगेजखान हाही हबशीच होता. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर याच अंबरनं नवा निजामशहा उभा केला आणि काही वर्षं राज्याची राजधानी पुन्हा जुन्नरला आणली. म्हणजे एकेकाळी विकला गेलेला माणूस जुन्नरमध्ये बसून दिल्लीच्या बादशहाशी लढत होता. पुस्तकात आपण हे दोन ओळींत उरकतो.

अंबरच्या काळात जंजिऱ्यावर सिद्दी सरदारांचा जम बसला. १६३६ मध्ये निजामशाही संपली, कोकणची ही पट्टी आदिलशाहीकडं गेली. इथं सिद्दींनी पहिल्यांदा तो डाव खेळला जो पुढं ते खेळतच राहिले. धनी बदलला, बेट तेच. विजापूरनं त्यांना वजीर म्हणून ठेवलं. काम काय, तर समुद्र राखायचा आणि मक्केला जाणारी जहाजं सुखरूप पोचवायची.

आणखी एक गंमत. इथं बापानंतर थोरला मुलगाच, असा पक्का नियम बराच काळ नव्हता. आरमारातला कर्तबगार सरदार पुढं यायचा. भाऊबंदकीत कितीतरी राज्यं गेली. इथं भांडणं भरपूर झाली, पण आरमार नेभळट माणसाच्या हातात फार काळ राहिलं नाही.

समोर उभे राहिले शिवाजी महाराज. जुन्नरच्याच शिवनेरीवर जन्मलेले. १६५० च्या दशकाच्या शेवटापासून मराठ्यांच्या मोहिमा जंजिऱ्यावर जात होत्या. दंडा-राजपुरीचा किनारा महाराजांनी घेतला आणि बेटाची रसद तुटायला लागली. १६७० च्या सुमाराला जंजिऱ्याचा प्रमुख फत्तेखान इतका टेकीला आला की किल्ला महाराजांच्या हवाली करायला तयार झाला. अजिंक्य म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

पण फत्तेखानाच्या तीन सरदारांना, सिद्दी संबूळ, सिद्दी कासीम आणि सिद्दी खैरत यांना, हे मान्य नव्हतं. त्यांनी त्याला कैद केलं आणि औरंगजेबाकडं मदत मागितली. औरंगजेबाला मराठ्यांविरुद्ध आरमार हवंच होतं. मोगलांचं आरमार सिद्दींकडं आलं, सुरतेच्या महसुलातून नेमणूक सुरू झाली, याकूतखान हा किताब मिळाला. लगेच १६७१ च्या होळीच्या रात्री, मराठ्यांचे लोक सणात असताना, सिद्दी कासीमनं दंडा-राजपुरी परत घेतली.

महाराजांनी यावर उत्तर काढलं ते बेटाला बेटाचं. जंजिऱ्याजवळच्या कासा खडकावर पद्मदुर्ग बांधायला घेतला. तेव्हाचं एक पत्र प्रसिद्ध आहे, १६७५ मधलं. पद्मदुर्गाला रसद आणि पैसा वेळेवर पोचवला नाही म्हणून महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याची त्यात अक्षरशः खरडपट्टी काढली आहे. समुद्रातला किल्ला तोफांनी पडायच्या आधी उपासमारीनं पडतो, हे महाराजांना नीट ठाऊक होतं.

१६७६ मध्ये मोरोपंत पिंगळे मोठी फौज घेऊन आले. लाय पाटील नावाच्या कोळ्यानं आठेक साथीदारांसह रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या, पण फौज वेळेत पोचली नाही आणि उजाडायच्या आत शिड्या काढाव्या लागल्या, असं सांगतात. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. तो म्हणाला, आम्ही दर्यात राहणारी माणसं, पालखी घेऊन काय करू? मग त्याला ‘पालखी’ नावाचं गलबत बांधून दिलं.

संभाजी महाराज तर आणखी पुढं गेले. १६८२ मध्ये त्यांनी किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्रात दगड टाकून वाटच बांधायला घेतली. काम सुरू असतानाच मोगल सरदार हसन अलीखान कल्याणवर उतरला आणि महाराजांना फौज घेऊन तिकडं जावं लागलं. सेतू अर्धवट राहिला.

आता सायप्रसकडं जाऊ, कारण हाच डाव तिकडं उलटा पडला.

सायप्रस ११९१ मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड राजानं जिंकलं आणि ११९२ पासून ते लुसिन्यां नावाच्या फ्रेंच घराण्याकडं आलं. त्यांनीही सुमारे तीनशे वर्षं राज्य केलं. तेही बाहेरून आलेले, प्रजा ग्रीक, राजे फ्रेंच. १४२६ मध्ये इजिप्तच्या मामलुकांनी त्यांचा राजा जानुस यालाच पकडून कैरोला नेला. खंडणी भरून तो सुटला आणि पुढं सायप्रस मामलुकांना खंडणी देत राहिलं. शेवटी १४८९ मध्ये राणी कातेरीना कोर्नारो हिच्याकडून व्हेनिसनं बेट काढून घेतलं. म्हणजे पाठीराखाच मालक झाला. इकडं जुन्नरला मलिक अहमदनं झेंडा लावला त्याच्या आदल्याच वर्षी.

पुढं १५७० मध्ये तुर्कांचं ऑटोमन सैन्य सायप्रसवर उतरलं. फामागुस्ता शहराच्या भक्कम तटामागं लोक महिनोन्‌महिने लढले. व्हेनिसचं आरमार येईल म्हणून वाट बघत राहिले. ऑगस्ट १५७१ मध्ये दारूगोळा आणि अन्न संपलं, शहर पडलं. ख्रिस्ती राजांच्या एकत्र आरमारानं लेपांतोला तुर्कांना हरवलं ते ऑक्टोबरमध्ये. दोन महिने उशिरा. आणि बरोबर याच वर्षांत, १५६७ ते १५७१, इकडं जंजिऱ्याचा दगडी तट चढत होता.

फामागुस्ताचा तट जंजिऱ्यापेक्षा कमी नव्हता. फरक मदतीचा होता. तिकडं ती आली नाही. इकडं १६७१ मध्ये आली, १६८२ मध्ये आली. म्हणून कलालबांगडी तोफेसमोर सेल्फी काढताना एवढं ध्यानात असू द्या की हा किल्ला एकट्या तोफांनी वाचवलेला नाही. मोगलांची जमिनीवरची फौज त्यात तितकीच होती.

मराठ्यांनी पुढं किल्ला सोडला आणि राज्यच कापायला घेतलं. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर तो सिद्दींच्या ताब्यात गेला होता. तो १७३३ मध्ये परत घेतला. १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी रेवसच्या बाजूच्या लढाईत सिद्दी सात याला मारलं. त्यानंतरच्या तहात सिद्दींचे अर्धे महाल गेले, किनाऱ्यावरची दहशत संपली. पेशव्यांचं मूळ गाव श्रीवर्धन सिद्दींच्या मुलखात आणि सिद्दींच्या त्रासामुळंच बाळाजी विश्वनाथांनी ते सोडलं होतं, हे लक्षात घेतलं तर यात घरचा हिशोबही होता. तरी श्रीवर्धन सिद्दींकडंच राहिलं!

तोवर मोगल संपत आले होते. नवा पाठीराखा हवा होता, तो मिळाला इंग्रजांच्या रूपानं. याच इंग्रजांच्या मुंबईत १६८९ मध्ये याकूतखान घुसला होता आणि त्यांना किल्ल्यात कोंडून बसला होता. पण समुद्रात कायमचा शत्रू कोण? १८३४ मध्ये इंग्रजांनी जंजिरा आपल्या सत्तेखाली असल्याचं जाहीर करून त्यांची टांकसाळ बंद केली. व्हेनिससारखं राज्य मात्र गिळलं नाही. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन मिळून साधारण ८४० चौरस किलोमीटरचं संस्थान, शिवाय गुजरातेत जाफराबाद, एवढं नवाबांकडं राहिलं.

राहिला परक्यांचा मुद्दा. सिद्दींच्या आरमारानं कोकणातली गावं लुटली, माणसं पकडून नेली. स्वतः विकल्या गेलेल्यांच्या वंशजांनी दुसऱ्यांच्या लेकरांना पकडावं, हे कुठल्याही बाजूनं गोड करून सांगता येत नाही. पण मलिक अहमदनं जुन्नरहून जो मुलूख घेतला तिथं ते चाकरी करायला आले आणि तीनशे वर्षांत इथलेच झाले. सायप्रसच्या फ्रेंच राजांच्या गोष्टी आपण मध्ययुगाचा इतिहास म्हणून चवीनं बघतो. मग जंजिऱ्याचा इतिहास फक्त शत्रूचा किल्ला म्हणून का बघायचा, हे मला कळत नाही.

८ मार्च १९४८ ला जंजिरा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. जुन्नर आधीपासून त्याच राज्यात होतं.

कधी गेलात तर राजपुरीच्या धक्क्यावरून होडी मिळते. जंजिऱ्याच्या दरवाजावरचं, वाघासारख्या प्राण्यानं हत्ती दाबून धरल्याचं शिल्प सगळेच बघतात. वर तटावर चढा आणि समुद्राकडं बघा. लांब पाण्यात दुसरा एक किल्ला दिसेल. तो पद्मदुर्ग.